आभासी नाणे वाजवून घेताना

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस ‘स्क्विड’ नावाचे एक टोकन आभासी चलनांच्या बाजारात अवतरले. ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका तेव्हा जगभर गाजत होती. या टोकनाचा त्या मालिकेशी कोणताही अधिकृत संबंध नव्हता. तरीही प्रारंभी एका सेंटच्या आसपास असलेला त्याचा भाव आठवडाभरात २,८०० डॉलरच्या वर गेला आणि १ नोव्हेंबरला अवघ्या काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. टोकनाच्या कर्त्यांनी सुमारे ३३ लाख डॉलर गोळा करून पोबारा केला होता. भाव चढत असतानाच अनेक खरेदीदार तक्रार करीत होते, की हे टोकन विकत घेता येते, पण विकता येत नाही.

विकता येत नव्हते, म्हणूनच तर भाव केवळ चढत होता! खरेदी करणारे किती आणि विक्री करू शकलेले किती, यांतील तफावत सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येण्यासारखी होती. पाहणारे मात्र थोडे होते. पूर्वी व्यापारी हाती आलेले नाणे दगडावर वाजवून घेत. आभासी नाणे तसे वाजवता येत नसले, तरी त्याची पारख करण्याचे साधन उपलब्ध आहे. ब्लॉकचेनवरील नोंदींना चाळण्या लावून संशयास्पद टोकने बाजूला काढण्याच्या या पद्धतीला ‘ऑन-चेन’ पडताळणी असे म्हणतात. ती नेमकी कशी करतात, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा हा आढावा.

सर्वांसाठी खुली नोंदवही

जमीन घेणारा माणूस विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबत नाही. तो सातबारा काढतो, फेरफार पाहतो, जमिनीवर बोजा आहे का, याची खात्री करतो. ब्लॉकचेन ही अशीच एक नोंदवही होय. फरक इतकाच, की ती एखाद्या कार्यालयात नसून जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते आणि तिच्यातील जुनी नोंद सहसा कोणालाही खोडता येत नाही. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनच्या रूपाने अशी पहिली नोंदवही सुरू झाली. जुलै २०१५ मध्ये आलेल्या इथेरियमने तिच्यात आणखी एक सोय केली. नोंदवहीवर ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे आपोआप अमलात येणारे करारनामे लिहिता येऊ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस टोकन कसे असावे याचा ‘ईआरसी-२०’ हा नमुना मांडला गेला आणि नवे टोकन काढणे हे काही मिनिटांचे काम होऊन बसले.

अडचणीचे मूळ या सुलभतेतच आहे. टोकनाचे नाव कोणीही कोणतेही ठेवू शकतो. एकाच नावाची दहा टोकने असू शकतात. म्हणून नावाला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते करारनाम्याच्या पत्त्याला. ‘चेनॅलिसिस’ या विश्लेषण संस्थेने २०२२ मध्ये निघालेल्या टोकनांचा अभ्यास केला होता. त्या वर्षी ११ लाखांहून अधिक टोकने निघाली. त्यांपैकी ज्यांच्यात दखल घेण्याजोगी खरेदी-विक्री झाली, अशी टोकने होती केवळ ४०,५२१. या उरलेल्यांतही ९,९०२, म्हणजे सुमारे २४ टक्के टोकनांचा भाव पहिल्याच आठवड्यात अशा रीतीने कोसळला, की तो आधी मुद्दाम फुगवला असावा, असा संशय संस्थेने व्यक्त केला. एवढ्या ढिगाऱ्यातून एकेक टोकन हाताने तपासणे अशक्यच. म्हणून चाळण्या आवश्यक ठरतात.

पहिली चाळणी : करारनामा

सर्वप्रथम पाहायचे ते टोकनाच्या करारनाम्याकडे. इथेरियमसाठी ‘इथरस्कॅन’, सोलानासाठी ‘सोलस्कॅन’ अशी नोंदवही वाचून दाखवणारी संकेतस्थळे विनामूल्य उपलब्ध आहेत. करारनाम्याची मूळ संगणकीय आज्ञावली तेथे जाहीर करून पडताळून घेतलेली आहे का, हा पहिला प्रश्न. ती जाहीर नसेल, तर बाकीचे काही तपासण्याचे कारणच उरत नाही. कागद न दाखवता जमीन विकू पाहणाऱ्यासारखाच तो प्रकार.

आज्ञावली जाहीर असेल, तर तिच्यात कर्त्याने स्वतःकडे कोणते अधिकार राखून ठेवले आहेत, हे पाहावे. हवी तेव्हा नवी टोकने छापण्याचा अधिकार त्याला आहे काय? एखाद्या खरेदीदाराचा पत्ता काळ्या यादीत टाकून त्याची विक्री रोखता येते काय? सर्व व्यवहार स्थगित करता येतात काय? प्रत्येक विक्रीवर आकारले जाणारे शुल्क नंतर वाढवता येते काय? आज ५ टक्के असलेले शुल्क उद्या ९९ टक्के करता येत असेल, तर विक्रीला बंदी न घालताही बंदीचाच परिणाम साधतो. सोलानावर हेच प्रश्न छपाईचा अधिकार आणि खाते गोठवण्याचा अधिकार या दोन नोंदींवरून तपासता येतात.

मालकीचा त्याग केला आहे, असे अनेक कर्ते अभिमानाने जाहीर करतात. तशी नोंद साखळीवर दिसतेही. परंतु एवढ्याने निश्चिंत होऊ नये. काही करारनाम्यांत अधिकार गाजवणारा दुसराच छुपा पत्ता ठेवलेला असतो. काही करारनामे ‘प्रॉक्सी’ पद्धतीचे असतात. त्यांचे दर्शनी रूप तेच राहते, आतली आज्ञावली मात्र मागाहून बदलता येते. सातबारा आज स्वच्छ असला, तरी उद्या तो बदलण्याची मुभा विक्रेत्याकडेच असावी, असा हा मामला.

आज्ञावली वाचता न येणाऱ्यांसाठी ‘टोकन स्निफर’, ‘हनीपॉट डॉट इज’, ‘रगचेक’ यांसारखी साधने आहेत. त्यांपैकी काही साधने खरेदी आणि त्यापाठोपाठ विक्री अशी लुटुपुटूची उलाढाल करून पाहतात. विक्री अडली, तर ते टोकन म्हणजे मधाचे बोट लावून अडकवणारा सापळा आहे, असे समजावे.

दुसरी चाळणी : विहिरीत पाणी किती?

नव्या टोकनांचे व्यवहार बहुधा युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित बाजारांत होतात. तेथे समोर दुसरा गिऱ्हाईक नसतो, असतो तो टोकन आणि डॉलरसदृश चलन यांचा एक सामाईक साठा. त्याला ‘लिक्विडिटी पूल’ म्हणतात. मूळ पद्धतीत साठ्यातील दोन राशींचा गुणाकार कायम राहील, अशा रीतीने भाव ठरतो. हे सूत्र समजून घेतले, की अनेक भ्रम दूर होतात.

समजा, एका साठ्यात १० लाख टोकने आणि २० हजार डॉलर आहेत. म्हणजे एका टोकनाचा भाव झाला २ सेंट. टोकनांची एकूण संख्या १० कोटी असेल, तर बाजारमूल्य दिसेल २० लाख डॉलर! आता एका गुंतवणूकदाराकडे १० लाख टोकने आहेत. कागदावर त्यांची किंमत २० हजार डॉलर. ती सगळी त्याने एकदम विकली, तर साठ्यात २० लाख टोकने होतील आणि गुणाकार कायम राखण्यासाठी डॉलर उरतील १० हजार. म्हणजे शुल्क वगळता त्याच्या हाती १० हजारच डॉलर पडतील आणि भाव २ सेंटवरून अर्ध्या सेंटवर येईल. एकूण टोकनांपैकी केवळ १ टक्का विकल्यावर भावाचा एक चतुर्थांशच शिल्लक राहिला. मग बाजारमूल्याच्या २० लाख डॉलरना काय अर्थ उरला?

यास्तव बाजारमूल्याचा आकडा पाहून हुरळून न जाता साठ्यात प्रत्यक्ष रक्कम किती आहे आणि बाजारमूल्याशी तिचे प्रमाण काय, हे पाहावे. वरील उदाहरणात ते अवघे १ टक्का आहे. दुसरा प्रश्न असा, की हा साठा आहे कोणाचा? साठा भरणाऱ्याला त्याची पावती म्हणून वेगळे टोकन मिळते. ती पावती कर्त्याच्या खिशात असेल, तर तो वाटेल तेव्हा सारे पैसे उपसून नेऊ शकतो. पायाखालची सतरंजी ओढून घेण्याच्या या प्रकारालाच बाजारात ‘रग पुल’ म्हणतात. पावती ठरावीक मुदतीसाठी कुलूपबंद केली आहे, की कोणाच्याही ताब्यात नसलेल्या पत्त्यावर पाठवून कायमची नष्ट केली आहे, हे साखळीवर दिसते. कुलूप असेल, तर त्याची मुदत अवश्य पाहावी. आठवडाभराचे कुलूप हे कुलूप नव्हे.

तिसरी चाळणी : टोकने कोणाकडे?

टोकन कोणत्या पत्त्यांवर किती आहे, याची यादी नोंदवहीत खुली असते. पहिल्या दहा धारकांकडे मिळून किती टक्के टोकने आहेत, हा सर्वांत सोपा निकष. मात्र यादी आहे तशी वाचू नये. तिच्यातून विनिमय केंद्रांचे पत्ते, सामाईक साठ्याचा पत्ता, कुलूपबंद करारनामे आणि नष्ट केलेली टोकने वगळावीत. उरलेल्या यादीवरून खरे चित्र कळते.

लबाडी येथेही चालते. एकच माणूस शंभर पत्ते उघडून त्यांत टोकने विभागतो, म्हणजे यादी निर्दोष भासते. अशा वेळी त्या शंभर पत्त्यांना पहिले पैसे कोठून आले, याचा माग काढावा लागतो. टोकन बाजारात येताच त्याच क्षणीच्या ब्लॉकमध्ये खरेदी करणारे अनेक पत्ते असतील आणि त्या सर्वांना एकाच ठिकाणाहून रसद मिळाली असेल, तर तो योगायोग मानू नये. ‘बबलमॅप्स’सारखी साधने असे परस्परसंबंधित पत्ते चित्ररूपाने दाखवतात.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष हावियर मिलेई यांनी समाजमाध्यमावर ‘लिब्रा’ या टोकनाची भलामण केली. काही तासांतच त्याचे बाजारमूल्य ४०० कोटी डॉलरच्या वर गेले आणि तितक्याच वेगाने ९० टक्क्यांहून अधिक कोसळले. सुमारे ८२ टक्के टोकने परस्परसंबंधित पत्त्यांच्या एकाच गटाकडे आहेत, असे बबलमॅप्सने त्याच वेळी दाखवून दिले होते. ‘नॅन्सेन’ या संस्थेने पुढे केलेल्या विश्लेषणानुसार ८६ टक्के व्यवहारकर्त्यांना मिळून सुमारे २५ कोटी डॉलरचा तोटा झाला. राष्ट्राध्यक्षांचा शब्द आणि नोंदवहीतील आकडा यांत विसंगती असेल, तर विश्वास कशावर ठेवावा, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण नसेल.

मोठा धारक म्हणजे लबाडच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. २०२० मध्ये निघालेल्या ‘शिबा इनू’च्या कर्त्यांनी निम्मी टोकने इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांच्या पत्त्यावर परस्पर पाठवून दिली होती. मे २०२१ मध्ये ब्युटेरिन यांनी त्यांतील ५० लाख कोटी टोकने भारतातील कोविड मदतनिधीला देऊन टाकली. पॉलिगॉनचे सहसंस्थापक संदीप नेलवाल यांनी उभारलेल्या या निधीला मिळालेल्या देणगीचे त्या दिवशीचे कागदोपत्री मूल्य सुमारे १०० कोटी डॉलर होते. उरलेल्यांपैकी बहुतांश टोकने ब्युटेरिन यांनी नष्ट केली. नामांकित व्यक्तीच्या पत्त्यावर टोकन दिसले, म्हणजे तिने ते विकत घेतले असे नव्हे, हाही धडा त्यातून घेण्यासारखा आहे. प्रसिद्धीसाठी अशी टोकने न मागता पाठवण्याची क्लृप्ती आता सर्रास वापरली जाते.

चौथी चाळणी : वर्दळ खरी की भाडोत्री?

दुकानात गर्दी दिसली, की गिऱ्हाईक आत शिरते. ही गर्दी भाड्याची असू शकते. एकाच माणसाने आपल्याच दोन पत्त्यांमध्ये खरेदी-विक्री करून उलाढाल फुगवण्याला ‘वॉश ट्रेडिंग’ म्हणतात. ‘बिटवाइज’ या कंपनीने मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या भांडवल बाजार नियामकासमोर केलेल्या सादरीकरणात, बिटकॉइनच्या जाहीर होणाऱ्या उलाढालीपैकी सुमारे ९५ टक्के उलाढाल बनावट असल्याचे म्हटले होते. ते आकडे विनिमय केंद्रांनी स्वतः दिलेले होते. साखळीवरील व्यवहार मात्र एकेक करून तपासता येतात.

त्यासाठी उलाढालीची रक्कम न पाहता ती किती वेगवेगळ्या पत्त्यांनी केली, हे पाहावे. दिवसाची उलाढाल १० लाख डॉलर आणि व्यवहार करणारे पत्ते केवळ ४०, असे असेल तर सावध व्हावे. व्यवहारांच्या रकमा एकसारख्या आणि ठरावीक अंतराने होणाऱ्या असतील, तर त्यामागे माणसे नसून आज्ञावली असते. उलाढाल सामाईक साठ्याच्या कित्येक पट असेल, तरी शंका घ्यावी. धारकांच्या संख्येचेही तेच. हजारो पत्त्यांवर चिमूटभर टोकने फुकट वाटून ती संख्या वाढवता येते. म्हणून किती धारकांकडे दखल घेण्याजोगी रक्कम आहे आणि ते पत्ते किती जुने आहेत, हा निकष अधिक विश्वासार्ह ठरतो.

क्रम महत्त्वाचा

गहू निवडताना आधी मोठ्या भोकांची चाळण, मग बारीक. येथेही तोच न्याय. ‘डेक्सस्क्रीनर’सारख्या संकेतस्थळावर साठ्यातील रक्कम, टोकनाचे वय, उलाढाल आणि व्यवहारांची संख्या यांच्या किमान मर्यादा घालून यादी लहान करता येते. उदाहरणार्थ, वय किमान ३० दिवस, साठा किमान १ लाख डॉलर आणि बाजारमूल्याच्या किमान ५ टक्के, अशी मर्यादा घातली, की बहुसंख्य टोकने गळून पडतात. हे आकडे म्हणजे नियम नव्हेत. आपली जोखीम पाहून ज्याने त्याने ते ठरवावेत. उरलेल्यांना करारनाम्याची चाळणी लावावी. त्यातून तरलेल्या मोजक्या टोकनांच्या धारकांची आणि पैशाच्या मार्गाची तपासणी हाताने करावी, कारण तेथे यंत्रापेक्षा माणसाचा तर्क अधिक उपयोगी पडतो.

चाळणीतून निसटणारे

चाळणीला मर्यादा आहेत. डॉलरशी निगडित ‘यूएसडीसी’ या टोकनाच्या करारनाम्यात नवी टोकने छापण्याचा आणि पत्ते गोठवण्याचा असे दोन्ही अधिकार कंपनीने राखलेले आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने ‘टॉर्नेडो कॅश’वर निर्बंध घातले, तेव्हा कंपनीने संबंधित पत्ते गोठवलेही. यंत्राच्या लेखी हे धोक्याचे लक्षण ठरते. प्रत्यक्षात ते नियमनाच्या चौकटीत राहण्याचे साधन आहे.

उलट बाजूने, ‘टेरा’च्या करारनाम्यात कोणताही सापळा नव्हता. दोष होता तो रचनेत. डॉलरच्या भावाशी बांधलेले त्यांचे टोकन सावरण्यासाठी ‘लुना’ची छपाई करावी, अशी ती योजना होती. मे २०२२ मध्ये तो तोल ढळला. काही दिवसांत लुनांची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि ८० डॉलरच्या आसपासचा भाव एका सेंटच्याही खाली आला. ठेवींवर वर्षाला जवळपास २० टक्के व्याज कोठून येते, हा साधा प्रश्न कोणत्याही चाळणीहून मोलाचा होता.

शिवाय साखळीबाहेर घडणारे साखळीवर दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या विनिमय केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीस गेली. ग्राहकांनी घेतलेली टोकने खणखणीत असूनही ती ठेवण्याची जागा असुरक्षित ठरली.

आपल्याकडील हिशेब

भारतीय गुंतवणूकदाराला या पारखीची गरज अधिक आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के दराने कर लागतो आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का कर मुळातच कापला जातो. एका टोकनातील तोटा दुसऱ्या टोकनाच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढील वर्षांतही ओढता येत नाही. म्हणजे एकात १ लाख मिळाले आणि दुसऱ्यात १ लाख बुडाले, तर पदरी काहीच न पडता किमान ३० हजारांचा कर मात्र भरावा लागतो. फसव्या टोकनाचा फटका असा दुहेरी बसतो.

पुणेकरांना ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण आठवत असेल. दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आमिष दाखवणाऱ्या या योजनेचा २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तपास हाती घेतला. पुढे देशभरातील गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले गेले. योजनेने नंतर बिटकॉइनऐवजी स्वतःचेच ‘एमकॅप’ हे टोकन परताव्यापोटी गुंतवणूकदारांच्या हाती ठेवले होते. ज्याची छपाई, भाव आणि बाजार हे तिन्ही देणाऱ्याच्याच मुठीत, त्याला धन कसे म्हणावे? एवढा प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर अनेक कुटुंबांची पुंजी कदाचित वाचली असती.

चौकट : घेण्यापूर्वी हे तपासा

• टोकनाचे नाव नव्हे, करारनाम्याचा पत्ता जुळवून पाहा.
• आज्ञावली जाहीर व पडताळलेली आहे का? छपाई, काळी यादी, शुल्कवाढ यांचे अधिकार कोणाकडे आहेत?
• अनेक वेगवेगळ्या पत्त्यांनी टोकन प्रत्यक्ष विकले आहे, अशा नोंदी सापडतात का?
• साठ्यात रक्कम किती? त्याची पावती किती काळ कुलूपबंद आहे?
• विनिमय केंद्रे व साठा वगळून पहिल्या दहा धारकांकडे किती टक्के आहेत? त्यांना पहिले पैसे एकाच ठिकाणाहून आले का?
• उलाढाल किती पत्त्यांनी केली?
• ही तपासणी करताना आपले वॉलेट कोणत्याही अनोळखी संकेतस्थळाला जोडू नका. नोंदी वाचण्यासाठी त्याची गरज नसते. गुप्त शब्दावली तर कोणालाही सांगू नका.

चाळणी खडे बाजूला काढते, उरलेले धान्य कसदार आहे याची हमी देत नाही. सर्व कसोट्यांना उतरलेल्या टोकनाचा भावही उद्या पडू शकतो. परंतु किमतीतील चढ-उताराने झालेला तोटा आणि डोळ्यांदेखत झालेली लूट यांत फरक आहे. पहिला टाळणे कोणाच्याच हाती नसते. दुसरी टाळण्यासाठी लागणारी नोंदवही मात्र रात्रंदिवस उघडी असते. पैसे देण्यापूर्वी ती वाचण्याचे कष्ट घ्यायचे की पैसे गेल्यावर, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.